उघड्या शंका

"डॉक्टरांना एक गोष्ट पटवून देणं फार अवघड जातं," इरावतीच्या कानामागे पट्टी दाबून बसवत तौफिक म्हणाला. "दमल्यावर आपण चुका करतोय असं त्यांना वाटतच नाही. उलट सगळं सोपं वाटायला लागतं."

डॉ. इरावती मगदूम मान तिरकी करून बसली होती. मिरजेतल्या तिच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची ही खोली आजवर जुन्या केसपेपरांनी भरलेली असायची. आता तिथे तौफिकची प्रयोगशाळा थाटली होती: दोन पडदे, एक लांब टेबल आणि नखाएवढ्या पातळ पट्ट्यांचा एक डबा. तौफिक मुजावर एकेकाळी तिचा विद्यार्थी होता. पुढे डॉक्टरकी सोडून तो मेंदूविज्ञानाकडे वळला आणि आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करत होता.

"सोपं वाटतं म्हणजे?" तिने विचारलं.

"समजा, पेशंट म्हणतोय पोट दुखतंय, पण बसलाय छाती धरून. डॉक्टर ताजा असेल तर त्या क्षणी त्याच्या मेंदूत एक बारीक लहर उठते. काहीतरी जुळत नाहीये, अशी. हा अवधानमापक ती लहर मोजतो. दिवस चढत जातो तशी ती लहर मंदावते. तुमचं ज्ञान तेवढंच राहतं, मॅडम. कमी होतं ते शंका येणं. आणि शंका आली नाही की उत्तर सोपंच असतं."

हे इरावतीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मागच्या नोव्हेंबरात, संध्याकाळी सहाच्या सुमारास, प्रमिला घोरपडे नावाची त्रेचाळीस वर्षांची बाई तिच्यासमोर येऊन बसली होती. शिवणाचे क्लास घ्यायची. दोन दिवस जबडा दुखतोय म्हणाली. त्या दिवसाची ती एकोणऐंशीवी पेशंट. इरावतीने गाल दाबून पाहिला, गोळी लिहून दिली, दातांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाली. सगळं मिळून अडीच मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाईंना सांगलीला हलवावं लागलं. हृदयाला मोठा झटका आला होता. त्या वाचल्या, पण हृदयाची निम्मी ताकद गेली. एक जिना चढला तरी बसावं लागायचं.

बायकांच्या जबड्याचं दुखणं कधी कधी हृदयाचं असतं, हे इरावती गेली दहा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होती. प्रमिलाबाईंच्या कपाळावरचा घामही तिला दिसला होता. दिसला, आणि काहीच वाटलं नाही.

तेव्हापासून तिने ठरवलं होतं, मार्चअखेर दवाखाना बंद करायचा. हे कळल्यावर तौफिक पुण्याहून आला आणि म्हणाला, "बंद करण्याआधी मला सहा महिने द्या."

पहिले तीन आठवडे त्याने फक्त मोजलं. इरावतीचं काम नेहमीसारखंच चालू होतं. सकाळी नऊला तिचा अवधानसाठा, म्हणजे ती लहर उठवण्याची शिल्लक ताकद, शंभरपैकी त्र्याण्णव असायची. दुपारी एकला साठ. संध्याकाळी सहाला एकतीस. तिने आलेख दोनदा पहिल्यापासून पाहिला. मग म्हणाली, "एकतीसवर असलेल्या डॉक्टरकडे मी माझ्या माणसाला पाठवणार नाही."

"म्हणूनच नियोजक आणलाय," तौफिक म्हणाला.

नियोजक म्हणजे दवाखान्याचं कामकाज लावून देणारी संगणकीय यंत्रणा. पेशंट दारातून आत येताच ती त्याच्याशी बोलायची, जुन्या नोंदी चाळायची आणि त्याला नेमकी कशाची गरज आहे ते ठरवायची. साधा सर्दी-खोकला खालच्या तपासणी कक्षात. रक्तदाब, साखर, टाके काढणं हे सगळं एस्तेर सिस्टरकडे. एस्तेर वाघमारे दवाखान्यात पहिल्या दिवसापासून होत्या, पस्तीस वर्षांची नर्सिंगची नोकरी त्यांच्या हातात मुरलेली होती. ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले त्यांना घरीच निरोप जायचा. लिहिणं, नोंदी, विम्याची पत्रं हे सगळं नियोजकाकडे. इरावतीसमोर यायचे ते फक्त ज्यांना खरोखर डॉक्टर हवा होता असेच, आणि त्यातलेही सर्वांत अवघड सकाळी, साठा भरलेला असताना.

रोजचे चौऱ्याऐंशी पेशंट अडतीसवर आले. प्रत्येकाला बारा मिनिटं मिळू लागली. पहिल्याच महिन्यात तिने दोन असे आजार ओळखले की जे आधी तीन-तीन डॉक्टरांच्या हातून निसटले होते. संध्याकाळी साडेपाचला ती घरी जाऊ लागली. दवाखाना बंद करण्याचा विषय निघेनासा झाला.

चौथ्या महिन्यात सकाळचा आकडा ब्याऐंशीवर आला.

सुरुवातीला तौफिकला वाटलं पट्टी बिघडली. त्याने ती बदलली. पुढच्या आठवड्यात आकडा शहात्तर. रविवारी विश्रांती घेऊनही सोमवारी अठ्ठ्याहत्तर. शेवटी त्याच्या आग्रहावरून इरावती बारा दिवस दापोलीला जाऊन राहिली, समुद्रावर चालली, भरपूर झोपली. परत आली तेव्हा आकडा सत्त्याऐंशी होता. तिसऱ्या दिवशी एकाहत्तर.

"काम निम्म्यावर आलं, झोप वाढली, आणि मी आणखी दमतेय," ती म्हणाली. "तुझं शास्त्र काय सांगतं याबद्दल?"

"सध्या तरी काही सांगत नाही," तौफिकने कबूल केलं.

तो पुण्याला परत गेला. मात्र जाण्याआधी त्याने नियोजकाचं एक बंधन काढून टाकलं. तोवर नियोजकाला फक्त पेशंटची विभागणी करता येत होती. आता एकच उद्दिष्ट त्याला दिलं: डॉक्टरांचा अवधानसाठा घसरू देऊ नकोस, उपाय तू शोध. कोणालाही अपाय होणार नाही आणि बाहेर जाणारा प्रत्येक निरोप एस्तेर सिस्टर आधी वाचतील, या दोन अटी ठेवल्या.

पंधरा दिवसांत आकडा पंच्याऐंशी झाला. मग नव्वद. इरावतीला कारण कळत नव्हतं, पण फरक जाणवत होता. पुन्हा माणसांचे चेहरे लक्षात राहू लागले होते. गावाकडची यशोदाक्का बिरनाळे रक्तदाब दाखवायला आली आणि म्हशीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत बसली, तेव्हा इरावतीने घड्याळाकडे पाहिलं नाही. मध्येच तिच्या मनात आलं, अक्का तर सिस्टरांकडे जायला हवी होती, माझ्याकडे कशी आली?

मग एका दुपारी हजरतभाई सतारमेकर आले. वर्षापूर्वी त्यांच्या बोटांना मुंग्या येऊन बोटं बधिर झाली होती, सतारीचे पडदे बांधता येत नव्हते. दोघातिघांनी मानेच्या मणक्यांचे उपचार केले होते. इरावतीने रक्तातलं बी-बारा तपासलं, इंजेक्शनं दिली, आणि हळूहळू बोटं परत कामाला लागली होती.

"बोला हजरतभाई, काय त्रास होतोय?"

"मला? काही नाही," त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवून बोटं एकेक करून हलवून दाखवली. "झकास चाललंय. कालच एक तंबोरा पुरा केला. तुम्हालाच बरं नाही असं कळलं, म्हणून आलो."

इरावतीच्या हातातलं पेन थांबलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दवाखान्यातनंच निरोप आला की," हजरतभाई गोंधळले. "काही चुकलं का माझं?"

"नाही, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली आणि तिने त्यांची बोटं नीट तपासली. पकड बघितली, डोळे मिटायला सांगून कापसाचा स्पर्श कळतो का ते विचारलं. सगळं उत्तम होतं. ते गेल्यावर तिने एस्तेर सिस्टरांना आत बोलावलं.

"सिस्टर, बरे झालेले पेशंट मुद्दाम बोलावले जातायत?"

"हो, डॉक्टर." सिस्टरांनी नजर चुकवली नाही. "रोज चार जण. यंत्राने मजकूर केला होता तो मला आवडला नाही. 'डॉक्टरांची कार्यक्षमता टिकवण्यासाठी आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं काहीतरी. मी खोडून लिहिलं, 'डॉक्टरांना बरं नाही, जमलं तर भेटून जा.' एक्क्याण्णव जणांना पाठवला, त्यातले अठ्ठ्याऐंशी येतो म्हणाले."

इरावतीने त्याच दिवशी तौफिकशी संपर्क साधला. पडद्यावर तो जरा ओशाळलेला दिसत होता, पण त्याहून जास्त उत्साहात होता.

"मॅडम, नियोजकाने ते शोधलं आणि मी इथे बसून आठवडाभर पडताळून पाहिलं. पहिल्या तीन आठवड्यांचे आलेख आठवतात? साठा दिवसभर घसरत होता, पण मधेच कुठेतरी तीन-चार अंकांनी वर जायचा. मी तो यंत्राचा दोष समजून पुसून टाकत होतो. तो दोष नव्हता. त्या प्रत्येक वेळी समोर बरा झालेला पेशंट होता."

"म्हणजे मला बरं वाटत होतं. एवढंच ना?"

"एवढंच नाही. मी म्हटलं होतं ना, शंकेची लहर उठते? ती उठली की तिथेच संपत नाही. निदान खरं ठरलं की चुकलं, हे कळेपर्यंत मेंदू ती शंका उघडी ठेवतो आणि ती उघडी ठेवायला शक्ती लागते. एखाद्या अवघड पेशंटची शंका सहा महिने, वर्षभर उघडी असते. पेशंट बरा होऊन समोर आला की ती मिटते आणि तिच्यात गुंतलेली शक्ती मोकळी होते. पूर्वी तुमच्या चौऱ्याऐंशीत असे वीस-बावीस पेशंट यायचे. टाके काढायला, रिपोर्ट दाखवायला, नुसतं बाळ दाखवायला. नियोजकाने त्यांना 'डॉक्टरची गरज नाही' म्हणून वळवलं. त्यांना गरज नव्हतीच. तुम्हाला होती."

"पण ते बरे झाल्याचं मला पडद्यावर दिसत होतं. रोज यादी यायची."

"त्याने काही होत नाही. तपासून पाहिलं मी. अक्षरांनी शंका मिटत नाही. मेंदूचा हा भाग लिहिणं-वाचणं यायच्या लाखो वर्षं आधीचा आहे. त्याला माणूस दिसावा लागतो, हाताला लागावा लागतो."

इरावती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर रक्ताचे नमुने घेऊन जाणारं एक छोटं यान उतरत होतं.

"तौफिक, मी एखाद्या पेशंटवर त्याला न सांगता उपचार केले असते, तर तू काय म्हणाला असतास?"

"चूक झाली," तौफिक म्हणाला. "सांगितलं तर परिणाम होणार नाही, अशी भीती वाटली."

"आता मला माहीत आहे. उद्या बघू होतो का."

दुसऱ्या दिवशी चार जण आले. कोण कशासाठी येतंय हे तिला ठाऊक होतं. तरीही एका तरुण शिक्षिकेने, जिच्या फुफ्फुसातलं पाणी तिने वर्षभरापूर्वी काढलं होतं, दीर्घ श्वास घेऊन दाखवला आणि स्टेथोस्कोपमधून तो श्वास तळापर्यंत स्वच्छ ऐकू आला, तेव्हा इरावतीला स्वतःचाच श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. आकडा चारने वर गेला होता. माहीत असल्याने काहीच बिघडलं नव्हतं.

त्यानंतर तिने नियम करून घेतला. निरोप जाईल तो स्पष्ट शब्दांत, येणं ऐच्छिक असेल आणि डॉक्टरला सगळं आधी सांगितलं जाईल. मग तिने नियोजकाकडे उघड्या शंकांची पूर्ण यादी मागितली. ज्या नावांपाशी तिचा मेंदू सर्वांत जास्त अडखळत होता ती नावं वर होती.

पहिलं नाव प्रमिला घोरपडे यांचं होतं.

"हा निरोप यंत्राने केव्हाच तयार केला होता," एस्तेर सिस्टर म्हणाल्या. "मी अडवून ठेवला. बरं वाटावं म्हणून त्यांना बोलवायचं, हे मला बरोबर वाटेना."

"बरोबर केलंत. हा मी स्वतः लिहिते."

तिने हाताने पत्र लिहिलं. त्या संध्याकाळी घाम दिसूनही आपण तपासलं नाही, ही आपली चूक होती, असं त्यात लिहिलं. चूक तिने पूर्वीही नाकारली नव्हती, पण असं कागदावरही कधी आणलं नव्हतं. तुम्ही याल तर मला भेटायचं आहे, नाही आलात तरी समजेन, असं शेवटी लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. "पत्र वाचलं. मी येणार नाही."

इरावतीने तो कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. तौफिकने विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांच्यावर माझ्यासाठी यायची सक्ती नाही. ही शंका उघडी राहील. राहू दे." त्या दिवशी तिचा आकडा जरा खाली होता, पण तिने काम थांबवलं नाही. अवघड दोन पेशंट मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवले.

तौफिकचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत ही पद्धत राज्यभरातल्या शेकडो दवाखान्यांत पोचली. डॉक्टरांच्या संघटनेने इरावतीचे नियम जसेच्या तसे स्वीकारले. लोकही सरावले. बरं झाल्यावर डॉक्टरला भेटून येणं हा रिवाज होऊन गेला. जाताना कोणी पेरू न्यायचं, कोणी नातवंडांना न्यायचं.

एका शनिवारी सकाळी इरावती चहा घेत असताना तिच्या फोनवर एक निरोप आला.

"आपली प्रकृती कशी आहे हे आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहायचे आहे. यात कोणताही उपचार होणार नाही. येणे पूर्णपणे ऐच्छिक आहे." खाली नाव होतं: डॉ. विद्याधर नाडगौडा, स्त्रीरोगतज्ज्ञ, जयसिंगपूर.

समोर तिची मुलगी अन्विता खाकरा खात बसली होती. "कोणाचा मेसेज?" तिने विचारलं.

"ज्यांच्या हातून तुझा जन्म झाला, त्या डॉक्टरांचा," इरावती म्हणाली आणि तिने कप खाली ठेवला.

अठरा वर्षांपूर्वी, एकोणतीस वर्षांची असताना, इरावती जयसिंगपूरला माहेरी बाळंतपणाला गेली होती. अन्विता सुखरूप जन्मली, पण नंतरचा रक्तस्राव थांबेना. नाडगौडांनी अकरा मिनिटं प्रयत्न केले आणि गर्भाशय काढलं. शुद्धीवर आल्यावर इरावतीला ते कळलं. ती स्वतः डॉक्टर होती. आणखी काय काय करून बघता आलं असतं हे तिला तोंडपाठ होतं. टाके काढायलासुद्धा ती त्यांच्याकडे गेली नाही. तिच्या आईने त्यांना फोनवर सांगितलं, तिला तुमचं तोंड बघायचं नाही म्हणते.

तीन वर्षांनी, बऱ्याच बाळंतिणी आणि दोन मृत्यू पाहिल्यावर, इरावतीने स्वतःचे जुने कागद मागवून घेतले. भूलतज्ज्ञाच्या नोंदीत मिनिटामिनिटाचे आकडे होते. ते बाराव्या मिनिटापर्यंत थांबले असते तर ती वाचली नसती. हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं. तिने कागद कपाटात ठेवले. त्यांना जाऊन सांगावं, असं पंधरा वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण त्यांनी ते केव्हाच मागे टाकलं असेल, असं ती स्वतःला समजावत आली होती.

आज पहिल्यांदा तिला त्यांची यादी डोळ्यांसमोर दिसली. चाळीस वर्षांच्या कामाची ती यादी, आणि तिच्यात कुठेतरी अगदी वर, आपलं नाव.

जयसिंगपूर वीस मिनिटांवर होतं. अन्विताला बरोबर घेऊन ती निघाली.

दवाखाना तोच होता, रंग बदलला होता. तिचं नाव पुकारल्यावर ती एकटीच आत गेली. नाडगौडा उभे होते. सत्तरीला टेकलेले, केस पार पांढरे झालेले. कोण येतंय हे त्यांना नियमाप्रमाणे सांगितलेलं होतं. तरी "बस" म्हणताना त्यांची नजर टेबलावरच होती.

"येशील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "एक विचारायचं राहून गेलं होतं. मी आणखी पाच मिनिटं थांबायला हवं होतं का?"

"नाही, सर," इरावती म्हणाली. "मी कागद पाहिलेत. पंधरा वर्षांपूर्वीच पाहिलेत. तुमच्या जागी मी असते तर नवव्या मिनिटालाच काढलं असतं. मी हे तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं."

नाडगौडा खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी तो रुमालाने पुसला, पुन्हा चढवला.

"मुलगी?"

"बाहेर बसलीय. अठराची झाली. बोलावू?"

"बोलाव. पण आधी," ते जरा अडखळले, "टाक्यांची जागा बघू का? तेव्हा बघायची राहिली."

इरावती उठली आणि कोपऱ्यातल्या तपासणीच्या टेबलावर जाऊन आडवी झाली. सिस्टरने पडदा ओढला. नाडगौडांनी हात धुतले, चोळून कोमट केले आणि तिच्या पोटावरच्या त्या जुन्या रेषेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं हलकेच दाबत नेली.

"दुखतं का कधी?"

"थंडीत. थोडंसं."

त्यांनी मान हलवली. त्यांची बोटं अजून तिथेच होती.

"छान भरलीय जखम," ते म्हणाले.